पेठेतल्या कानाने ऐकलेले रॉक

पुणे शहराला आपल्या कानाचा जो अभिमान आहे तो अनाठायी नाही. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तल्यानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून जो संगीतमहोत्सव चालविला, त्याने या शहरात श्रोत्यांच्या पिढ्या घडविल्या. आणि डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून, सतरंजीवर मांडी घालून, रात्र सरून पहाटेचा राग येईपर्यंत बसून राहणारा, षड्ज किंचित ढळला तरी ज्याच्या कपाळावर आठी उमटते आणि समेवर ज्याची मान आपोआप हलते, असा जो श्रोता या परंपरेतून निपजला, त्याच्याइतका दक्ष श्रोता अन्यत्र क्वचितच आढळेल. अशा श्रोत्याला रॉक संगीत म्हणजे केवळ कोलाहल वाटतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझा अनुभव मात्र याच्या नेमका उलट आहे. रॉक कळण्यासाठी पुणेकराला आपला कान बदलावा लागत नाही. ज्या कानाने तो मारवा ऐकतो तोच कान घेऊन तो या संगीताच्या दारी गेला, तर तेथे त्याला परक्यांपेक्षा आप्तच अधिक भेटतील. मी त्या दारी गेलो तो योगायोगाने, आणि राहिलो तो प्रेमाने. त्या मुक्कामाची ही हकीकत आहे.

आमचे बिऱ्हाड नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकुनाच्या हुद्द्यावर होते. पगार बेताचा, तरी घरात तानपुरा होता, आणि कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून निवडून आणलेल्या कॅसेटी एका फडताळात कुलपाखाली असत. मला तबल्याच्या शिकवणीला घातले होते. हात फारसा तयार झाला नाही, परंतु मात्रा मोजण्याची जी सवय बोटांना त्या वयात लागली ती कायमची. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणत असू, तो पिंपरीच्या एका कारखान्यात उमेदवारी करीत होता आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येई. त्याचे मित्र लष्करात राहत. पेठेतली माणसे पुण्याच्या त्या पूर्वभागाला अजूनही कॅम्प न म्हणता लष्कर म्हणतात, आणि आमच्या लेखी तो निराळाच मुलूख होता. तिथून दादा कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेली गाणी आणी आणि अण्णा बाहेर गेले की हळू आवाजात लावी.

अशाच एका दुपारी त्याने पिंक फ्लॉइड या इंग्लिश मंडळींचे ‘मनी’ हे गाणे लावले. आरंभी नाण्यांचा खणखणाट, कागद फाडल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची घंटा. त्यामागून बेस गिटारची एक भारदस्त, वळसेदार ओळ सुरू झाली आणि माझी बोटे गुडघ्यावर मोजू लागली. आवर्तन सात मात्रांचे निघाले. ठेका रूपकाचा नव्हता, खाली-भरीची ती वाटणीही नव्हती. पण मात्रा सातच होत्या, आणि त्या सातांवर गायक, ढोल वाजविणारा आणि सॅक्सोफोनवाला इतक्या सहजपणे नांदत होते की हिशेब कुठे दिसतच नव्हता. पुढे गिटारचे एकट्याचे वादन आले तेव्हा आवर्तन चारांचे झाले, चाल मोकळी सुटली, आणि ते वादन संपताच सारे पुन्हा सातांत येऊन बसले. “दादा, हे सात मात्रांत आहे,” असे मी म्हणालो तेव्हा त्याने कॅसेट मागे घेतली आणि आम्ही दोघांनी टाळी देत ते गाणे पुन्हा ऐकले. कोलाहल म्हणून ज्याची हेटाळणी होते त्यात हिशेब आहे, आणि हिशेब लपविण्याची कलाही आहे, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे वाचनात आले की गाण्याच्या आरंभीचे ते नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाजही फितीचे तुकडे मोजून कापून, एकमेकांना जोडून, सात मात्रांच्या फेऱ्यात बसविलेले आहेत. ज्या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे आहे ती ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली निघाली, आणि अमेरिकेतल्या खपाच्या साप्ताहिक यादीत १९८८ पर्यंतच्या काळात ती ७४१ आठवडे राहिली. सात मात्रांचे गाणे असलेली, मृत्यू, काळ आणि वेड या विषयांवरची ही मुद्रिका इतकी लोकप्रिय व्हावी, ही गोष्ट लोकांच्या रुचीविषयी सरसकट निराश होणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

या संगीताचे कूळ तपासू लागले की पहिला मुक्काम अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात पडतो. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची दैन्यावस्था संपली नव्हती. त्यांच्या श्रमगीतांतून आणि चर्चमधल्या भजनांतून ब्लूज हा गानप्रकार उदयास आला. त्याची मूळ स्वरावली पाच स्वरांची: षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. आपल्याकडचा जाणकार हे स्वर ऐकताच धानी रागाचे नाव घेईल. स्वर तेच म्हणून राग तोच असे अर्थातच होत नाही. चलन निराळे, न्यासाच्या जागा निराळ्या. तरीसुद्धा धानीच्या सुरांनी ज्याचे मन एकदा भारले आहे त्याला ब्लूजचा दर्द कुणी समजावून द्यावा लागत नाही. शिवाय हे गायक कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधल्या एका जागेवर जाणूनबुजून रेंगाळतात. पियानोवर ती जागा नाही, म्हणून गिटारवादक तार बोटाने आडवी ओढून तो स्वर काढतो. सतारिया मींड काढतो ती याच रीतीने. ज्याला आपण श्रुतीचा विचार म्हणतो, तो त्या अक्षरशत्रू मजुरांच्या गळ्यात आणि बोटांत शास्त्रावाचून नांदत होता.

मडी वॉटर्ससारखे गायक १९४३ च्या सुमारास मिसिसिपी सोडून शिकागोच्या कारखानी वस्तीत आले. गोंगाट्या गुत्त्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. त्याच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प ही स्त्री विजेच्या गिटारवर ईश्वरस्तवने गात असे. रॉकच्या पूर्वजांत एक भजन गाणारी बाई आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे चक बेरी आदींनी पन्नासच्या दशकात ब्लूजची लय जलद केली, तिला तरुणांचे विषय दिले, आणि त्या तबकड्या अटलांटिक ओलांडून इंग्लंडातल्या बंदरांत आणि गिरणगावांत पोचल्या. तिथल्या मुलांनी त्यावर जो संसार उभारला तो आज जगाला ठाऊक आहे.

विजेच्या गिटारविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बहुतेकांचा आक्षेप तिच्याच आवाजावर असतो. या गिटारच्या तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकात जाऊन कित्येक पटींनी वाढतो. वर्धकाला त्याच्या कुवतीपलीकडे ताणले तर ध्वनिलहरीचे माथे कापले जातात, आणि मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी मंद असलेले उपस्वर त्यातून उफाळून वर येतात. तोच तो खरखरीत, धगधगीत आवाज. वर्धक बनविणाऱ्यांच्या दृष्टीने तो दोष होता. वादकांनी त्याला गुण केले. आता तानपुऱ्याची जवारी आठवावी. सपाट घोडीवर तार हलकेच घासत राहावी, तिच्या कंपनाला मुद्दाम अडथळा व्हावा आणि त्यातून उपस्वरांचा झंकार उठावा, यासाठीच आपण तारेखाली रेशमाचा दोरा सरकवीत बसतो. स्वच्छ, सपाट आवाज आपल्यालाही नकोच असतो. जवारी काढणे आणि वर्धक ताणणे या दोन कृती एकरूप नाहीत. परंतु स्वराच्या पोटात दडलेले स्वर बाहेर काढण्याची ओढ दोहोंत एकच आहे. आणखी एक गोष्ट या ओघात सांगण्याजोगी आहे. असा ताणलेला आवाज वापरताना गांधार मिसळला तर नाद गढूळ होतो, म्हणून रॉकचे वादक पुष्कळदा केवळ षड्ज आणि पंचम मिळून वाजवितात. तानपुऱ्यावर तरी आपण दुसरे काय लावतो?

आगगाडीच्या चाकांवर मूल जसे आपले बोल बसवू लागते तसे माझे या आवाजाशी जमत गेले. पण त्याचा खरा अर्थ दादाला माझ्याआधी कळला होता. बर्मिंगहॅम या इंग्लंडातल्या कारखानी शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. गिटार संपली असे त्याने धरले होते. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली, ज्याने आगीत हात जायबंदी झाल्यावर दोन बोटांवर सारे वादन उभे केले होते. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या, आणि त्या सैल, खर्जातल्या तारांतून एक जड, काळोखा नाद निर्माण झाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या मंडळीच्या १९७० च्या पहिल्या मुद्रिकेतले पहिले गाणे षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या अंतरावर उभे आहे. पंचमाचा आधार काढून घेतला म्हणजे तीव्र मध्यम किती अस्वस्थ करतो, हे मारवा ऐकणाऱ्याला सांगायला नको. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात प्रेसवर बोट गेलेला माणूस दादाने प्रत्यक्ष पाहिला होता. दिवसभर यंत्रांच्या दणदणाटात उभे राहून आलेल्या माणसाला तो दणदणाट कुणीतरी तालात आणि सुरात बांधून परत दिला, तर त्याला केवढा दिलासा वाटत असेल, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून समजले.

गाणे प्रत्यक्ष ऐकायचे तर त्या काळी मुंबई गाठावी लागे. मुंबईत या संगीताचा राबता आधीपासूनच होता. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईस आले, कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या जागी वाजवून गेले, आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रितही केली. १९८० च्या मार्चमध्ये ‘द पोलीस’ ही रॉक मंडळी होमी भाभा सभागृहात वाजवून गेली. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड निघाला, ज्यात उदय बेनेगल गात आणि महेश तिनईकर गिटार वाजवीत. १९९३ साली त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजविणे म्हणजेच कर्तृत्व असे जेव्हा आपल्याकडे समजले जाई, तेव्हा या मंडळींनी स्वतःची गाणी रचण्याचा आग्रह धरला, आणि त्याचे ऋण पुढल्या प्रत्येक भारतीय बँडवर आहे. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचा मेळा भरे. दादा आणि मी तेथे उभे राहून ऐकले, आणि पहाटेच्या गाडीने पुण्यास परतलो. रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात आल्यावर तेथली वाद्ये थांबली. रुग्णालये आणि महाविद्यालये शेजारी असल्याने निर्णय गैर म्हणता येणार नाही, पण त्याच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही याची खंत वाटते.

मुंबईचा हा वृत्तान्त थोडक्यात आटोपतो, कारण मला खरा विस्मय वाटला तो आमच्याच मुलखात या संगीताची मुळे सापडली तेव्हा.

त्यांतले एक मूळ पाचगणीस आहे. झांझिबार बेटावर १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात येऊन राहिला. तेथे तो पियानो शिकला, आणि १९५८ साली चार मित्रांसह त्याने हेक्टिक्स नावाचा बँड काढला, जो शाळेच्या समारंभांत वाजवी. पुढे ज्याच्या कंठाने साऱ्या जगाला वेड लावले तो या बँडमध्ये मुख्य गायक नव्हता. तो पियानो वाजवी. वाईहून पसरणीचा घाट चढून आपण कितीदा तरी पाचगणीस गेलो असू, टेबललँडवर घोडे पाहिले असतील, स्ट्रॉबेरी खाल्ली असेल, परंतु हाच मुलगा, म्हणजे पुढे क्वीन या मंडळीचा झालेला फ्रेडी मर्क्युरी, इथल्या धुक्यात आणि पावसात आपला हात तयार करीत होता, ही गोष्ट आपल्या शाळांतून कुणी सांगत नाही. त्याचे १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गाणे पोवाडा, विलाप, संगीत नाटकातल्यासारखा समूहस्वरांचा प्रवेश आणि मग रणवाद्यांचा कल्लोळ, अशी स्थित्यंतरे घेत जाते. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला ते समजण्यास कसलीच अडचण पडू नये.

दुसरे मूळ खुद्द पुण्याच्या लष्करात आहे, आणि त्याविषयी लिहिताना माझा हात थोडा थरथरतो. चार बावडीजवळ एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीने कित्येक वर्षे उघड्यावर मुक्काम केला होता. १९३१ साली ती निवर्तली आणि त्याच जागी तिचा दर्गा आहे. १९१३ साली डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी हा तरुण सायकलवरून त्या वाटेने जात असता तिने त्याला जवळ बोलावले आणि त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले. हाच तरुण पुढे मेहेरबाबा या नावाने प्रसिद्ध झाला. १८९४ साली पुण्यात जन्मलेल्या या साधुपुरुषाने १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. आरंभी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. नगरजवळ मेहेराबादला त्यांची समाधी आहे.

लंडनमधल्या द हू या मंडळीचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड हा साठच्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. त्याला त्यांचे दर्शन कधी घडले नाही. बाबांनी देह ठेवल्यानंतर काही महिन्यांतच, १९६९ साली, द हूची ‘टॉमी’ ही मुद्रिका निघाली. तिच्यात जो पाहू, ऐकू, बोलू शकत नाही अशा मुलाची कथा आहे, आणि मुद्रिकेच्या श्रेयनामावलीत बाबांचे नाव आहे. १९७२ च्या आपल्या स्वतंत्र मुद्रिकेत टाउनशेंडने बाबांच्या प्रार्थनेवरून ‘परवरदिगार’ हे गीत केले. ज्या मंडळीचे नाव १९७६ च्या लंडनमधल्या एका कार्यक्रमामुळे, बत्तीस मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेल्याने, जगातली सर्वांत मोठ्या आवाजाची मंडळी म्हणून नोंदले गेले, तिच्या गीतकाराचा गुरू हा सुमारे चव्वेचाळीस वर्षे एक शब्दही न उच्चारलेला पुणेकर असावा, यात मला विसंगती दिसत नाही. आतल्या निःशब्दाची ओढ असल्याखेरीज कुणी इतक्या आकांताने नादाला भिडत नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

या मंडळीचे १९७१ चे ‘बाबा ओ’रायली’ हे गाणे तर पुणेकराने उभ्याने ऐकावे असे आहे. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा. आणि रायली हे टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या नावावरून आलेले, ज्याच्या आवर्तनी रचनांचा ठसा गाण्याच्या आरंभी फिरत राहणाऱ्या ऑर्गनच्या स्वरांवर स्पष्ट आहे. हा टेरी रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचा शिष्य होता, आणि प्राणनाथ हे किराना घराण्याचे. सवाई गंधर्व किराना घराण्याचे, भीमसेन किराना घराण्याचे. ज्या घराण्याचा स्वर ऐकण्यासाठी अण्णा दर डिसेंबरात रात्ररात्र जागत, त्याच घराण्याचा एक परदेशी शिष्य आणि लष्करातल्या कडुनिंबाखाली घडलेला एक पुणेकर, ही दोन नावे एका रॉक गाण्याच्या मथळ्यावर शेजारी शेजारी बसली आहेत. हा दाखला हाती आला तेव्हा मी अण्णांना ते गाणे ऐकविले. आरंभीचे स्वर फिरत राहिले तोवर ते काही बोलले नाहीत. मग अखेरीस व्हायोलिन येते, आणि लय टप्प्याटप्प्याने चढत जाऊन द्रुताच्या पलीकडे पोचते, तेव्हा त्यांची मान हलली. “लय चढवलीय छान,” एवढेच ते म्हणाले. कॅसेटींच्या कुलपाची किल्ली त्यानंतर खुंटीला असे.

आता या संगीतासाठी मुंबईस जावे लागत नाही. अग्नी हा बँड पुण्यातच वाढला. कौस्तुभ ढवळे आणि के. मोहन यांची हिंदी गाणी तरुणांच्या तोंडी आहेत. २०१० च्या डिसेंबरात एनएच-सेव्हन वीकेंडर हा अनेक रंगमंचांचा महोत्सव पहिल्यांदा भरला तो पुण्यात, आणि मग तो इतर शहरांत गेला. २०१७ साली त्यात स्टीव्ह वाय हा गिटारवादक आणि २०१९ साली ओपेथ ही स्वीडनची मंडळी येऊन गेली. सवाई गंधर्व महोत्सव आणि हा महोत्सव काही वर्षी डिसेंबरात मागेपुढे भरले, आणि दोन्हीकडे हजेरी लावणारी तरुण माणसे मी पाहिली आहेत. अभंग रिपोस्टसारखी मुंबईची मंडळी तर गिटार, बेस आणि ड्रम्सच्या साथीने तुकोबांचे अभंग गाते. सगळेच साधते असे नाही. कुठे शब्द वाद्यांखाली दबतात, कुठे अभंगाची लय उगाच पळविली जाते. पण जेथे साधते तेथे टाळ-मृदंगाच्या गजरातली ती सामुदायिक तल्लीनता नव्या वाद्यांतून पुन्हा उठते.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी नेहमी आदराने ऐकतो. या संगीताभोवती मद्य आणि अमली पदार्थ यांचा विळखा होता व आहे, हे खरे आहे. जिमी हेन्ड्रिक्ससारखा अलौकिक वादक १९७० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यातच गेला, आणि त्या मृत्यूला वलय देणे मला अत्यंत निंद्य वाटते. पुष्कळसे रॉक सुमार आहे, हेही खरे. पुष्कळशी नाट्यगीतेही सुमार होती आणि काळाने ती गाळून टाकली. वाद्ये परकी आहेत, हा आक्षेप मात्र मला टिकणारा वाटत नाही. पेटी ही युरोपातून आली. ती हिंदुस्थानी संगीताचा घात करते म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला मनाई केली होती, आणि आज तिच्यावाचून ख्यालाची मैफल उभी राहत नाही. राहता राहिला आवाजाचा प्रश्न, आणि त्यात आक्षेपकांची बाजू बळकट आहे. ८५ डेसिबलच्या वरचा नाद दीर्घकाळ कानी पडला तर कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. खुद्द टाउनशेंडची श्रवणशक्ती त्याच्या संगीतानेच घटविली, आणि पुढे त्याने इतरांना त्याविषयी सावध केले. म्हणून मैफलीस जाताना कानात घालायचे फोमचे बोळे खिशात असावेत, आणि भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे मुलांना उभे करू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

पुण्यात आज जे रॉक वाजते ते मुख्यत्वे कोरेगाव पार्कच्या बाजूच्या उपाहारगृहांतून, मद्यालयांतून, किंवा महागड्या तिकिटांच्या महोत्सवांतून. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, ज्याला मद्यालयात पाऊल टाकायचे नाही, ज्या आईला आपल्या मुलीचे ड्रम्सवादन समोर बसून ऐकायचे आहे, त्यांनी कुठे जावे? महानगरपालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभारले, पुढे उपनगरांतूनही नाट्यगृहे बांधली. त्यांपैकी एखाद्या नाट्यगृहाची महिन्यातून एक दुपार, माफक भाड्याने आणि आवाजाची मर्यादा लेखी ठरवून, शहरातल्या तरुण बँडना राखून द्यावी, अशी माझी विनंती आहे. प्रेक्षागृहात खुर्च्या आहेत, भिंती आहेत, रात्री दहाच्या कायद्याचा तेथे प्रश्न येत नाही. या मागणीचा अर्ज मी महानगरपालिकेकडे पाठवीत आहे; ज्या वाचकांना ती रास्त वाटेल त्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे तसाच अर्ज द्यावा.